पवनेकाठची प्रॅक्टिकल्स

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण काय काय शिकतो? एका रात्रीत जर्नल उतरवणं, अर्ध्या कटिंगवर दोन तास काढणं, व्हायव्हात काहीच येत नसताना आत्मविश्वासाने बोलणं... मी या यादीत सिलॅबसबाहेरचं एक प्रॅक्टिकल घातलं. गळाने मासे धरणं! हसू नका मित्रांनो. या प्रॅक्टिकलला जेवढी अटेंडन्स लावली, तेवढी एम-थ्रीलाही लावली नव्हती.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. आमची नदी पावसाळ्यात दोन-तीन महिने भेटायला येते आणि निघून जाते. त्यामुळे मासेमारी म्हणजे टीव्हीवरच्या चॅनेलवर दिसणारा ट्राउट, एवढंच ज्ञान. हा ट्राउट भलता नाजूक. त्याला थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. इंग्रजांनी तो आपल्याकडे आणला, पण काश्मीर आणि निलगिरीसारख्या थंड भागांत. पुनावळ्यात तो सापडणार नाही! इथे आहे पवना. सह्याद्रीत उगम पावायचा, धरणात थांबायचं, रावेतच्या बंधाऱ्यावर शहराला प्यायला पाणी द्यायचं, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी वळायचं आणि पुढे मुळेला मिळायचं, असा तिचा नेम.

माझे सर म्हणजे आमच्या घरमालकांचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणतात. 1997 मध्ये पुनावळे महापालिकेत आलं, पुढे शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. आबांच्या ज्वारीच्या रानात आज आमची तीन मजली इमारत आहे. रान गेलं, पण आबांचा गळ सुटला नाही.

साहित्य बघाल तर अगदी लो-बजेट. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, शिशाचा तुकडा, गळ आणि तरंगायला ज्वारीच्या वाळक्या धाटाचा तुकडा. आमिष म्हणजे गांडूळ, नाहीतर पेंड घालून मळलेली कणकेची गोळी. पहिले चार रविवार मी फक्त गांडुळं वाटली. धाट थरथरलं की मी काठी ओढायचो आणि गळ रिकामा यायचा.

"आरं इंजिनेर, वडू नको. आजून चाखतोय त्यो," आबा म्हणायचे. "धाट आडवं चालाय लागलं की मग उचल."

पाचव्या रविवारी धाट आडवं चाललं. तळहाताएवढी चिलापी वर आली आणि माझ्या आरोळीने पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

मग थिअरी सुरू झाली. नदीलाही मजले असतात. कटला वरच्या मजल्यावर खातो, रोहू मधल्या, मृगळ तळमजल्यावर. मरळ राहतो काठच्या दलदलीत, पाणकणसाच्या मुळाशी. त्याला हवेतला श्वास घेता येतो, म्हणून तो गढूळ, साचलेल्या पाण्यातही तग धरतो. पण पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला की खाली आईबाप राखणीला असतात. तेव्हा तिथे गळ टाकायचा नाही. पहिल्या पावसात पाण्याविरुद्ध वर चढणारे चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात, त्यांनाही हात लावायचा नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचा मासा घरी न्यायचा, खालचा मांजरालासुद्धा घालायचा नाही. आबांची नियमावली विद्यापीठापेक्षा कडक!

एकदा मी विचारलं, "आबा, सारखी चिलापीच का लागते?" त्यांनी बोटं मोडत नावं घेतली. महाशीर, वाम, मरळ... पहिल्या बोटावर ते जरा थांबले. महाशीर बघायचा तर आता लोणावळ्याला जावं लागेल, तिथे टाटा पॉवर 1970 च्या दशकापासून त्याची पैदास करते. चिलापी मूळची आफ्रिकेची, आपल्याकडे 1952 मध्ये आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि कमी प्राणवायूतही जगते. म्हणजे आमच्या गळाला एकच मासा लागतो, यातच नदीचा रिपोर्ट होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये काढलेल्या यादीत महाराष्ट्रातले 53 प्रदूषित नदीपट्टे होते. त्यात पवना आहे.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे आम्ही बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पोचलो. जलपर्णीच्या कडेला शेकडो मासे तोंडं वर काढून पाणी चावत होते. मी म्हणालो, आज तर झोळीनेच भरतील! आबांनी दोरा काठीला गुंडाळला.

"दमल्यात ती. दमलेल्याला गळ लावायचा नसतो."

सिव्हिलवाल्यांना आठवत असेल, एन्व्हायर्न्मेंटच्या लॅबमध्ये पाण्यातला प्राणवायू मोजायचं प्रॅक्टिकल असतं. बाटलीत मँगनस सल्फेट आणि आयोडाइडचं द्रावण घातलं की भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसतो, प्राणवायू नसला तर पांढरा. दुसऱ्या रविवारी पहाटे मी बाटली भरली आणि दोन्ही द्रावणं काठावरच घातली. साका जवळजवळ पांढरा. सोमवारी लॅबमध्ये टायट्रेशन केलं, आकडा लिटरमागे 2 मिलिग्रॅमपर्यंतही गेला नाही. माशांसाठी किमान 4 हवेत, हे आपण परीक्षेत लिहितो. सांडपाण्यातली घाण कुजताना प्राणवायू खाते, रात्री ऊन नसल्याने शेवाळ तो तयार करत नाही, उलट स्वतःच वापरतं. म्हणून पहाट सर्वांत वाईट. आबांना यातलं एकही सूत्र ठाऊक नव्हतं, पण उत्तर माझ्याआधी आठ दिवस त्यांनी दिलं होतं.

मी बाटलीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "घाण येतीया कुठनं, ते सांग." आम्ही काठाकाठाने चालत एका नाल्याशी आलो आणि नाल्याने वर वर. चौथा पाइप आमच्याच इमारतीच्या मागून येत होता. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "माझंच रान हाय हे," एवढंच बोलले. त्या रात्री खालच्या मजल्यावर बापलेकांचा आवाज चढलेला आम्ही सगळ्या भाडेकरूंनी ऐकला. दीड महिन्यात तो पाइप महापालिकेच्या ड्रेनेज लाइनला जोडला गेला. त्यासाठी आमचं भाडं दोनशेने वाढलं, तेही नोंदवून ठेवतो!

एका पाइपाने नदी सुधारत नाही. नाल्यावरचे बाकीचे तीन पाइप अजून वाहतात आणि माझ्या वहीतले आकडे फारसे हललेले नाहीत. पण वही चालू आहे. दर रविवारी दोन बाटल्या भरायच्या, एक बंधाऱ्याच्या वर, एक खाली. येत्या जूनमध्ये मी पास आउट होईन, तेव्हा ती कुणाच्या तरी हाती द्यायची आहे. सेकंड इयरवाल्यांनो, रविवारी पहाटे सहाला पुनावळ्याच्या घाटावर या. गळ आबा देतील, बाटल्या मी आणतो. गांडुळं मात्र ज्याची त्याने आणायची.