फळ्यासमोरची चाळीस मिनिटं

हिंजवडीतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मी बारा वर्षं काम करते आहे. त्यातली आठ वर्षं मुलाखतीही घेते. माझा प्रश्न ठरलेला असे: बोर्डवर बायनरी सर्च लिहा. क्रमाने लावलेल्या यादीच्या मधोमध पाहायचं, नको ती निम्मी सोडायची, उरलेल्या निम्मीत पुन्हा तेच. चाळीस मिनिटं मी समोर बसे आणि लिहिताना मोठ्याने विचार करायला सांगे. जो अडखळला, त्याचा पाया कच्चा, हा माझा निकाल. हा निकाल चुकीचा होता, असं आज मला वाटतं.

सोलापूरकडचा एक मुलगा असाच बोर्डपुढे गप्प झाला. लिहायचा, पुसायचा. मी फॉर्मवर ‘रिजेक्ट’ लिहिलं. वर्षभराने तो कंत्राटावर आमच्याच टीममध्ये आला. एका रात्री प्रॉडक्शन बंद पडलं. आम्ही चार सीनियर तर्क लढवत होतो. तो शांतपणे लॉग वाचत गेला आणि पहाटे बग त्यानेच शोधला. नंतर मी त्याला मुलाखतीबद्दल विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, उत्तर येत होतं. पण तुम्ही बघत होतात, आणि इंग्रजीत बोलतही राहायचं होतं.”

ते वाक्य मनातून जाईना. मग 2020 सालचा एक अभ्यास वाचनात आला. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांना कोडिंगचा प्रश्न दिला. काहींनी तो मुलाखतकारासमोर बोलत बोलत सोडवला, काहींनी बंद खोलीत एकट्याने. समोर कुणी बसलेलं असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. म्हणजे इतकी वर्षं मी प्रोग्रॅमिंग मोजत नव्हते. बघणाऱ्याची भीती कुणाला कमी वाटते, ते मोजत होते.

आणि ज्या प्रश्नावर मी मुलं नाकारली, त्याची कथा तर आणखी बोलकी आहे. जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी लिहिला. त्यात एक चूक होती. यादी सुमारे शंभर कोटी घटकांच्या पुढे गेली की दोन टोकांची बेरीज इंटिजरमध्ये मावत नसे. ही चूक सुमारे नऊ वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. 2006 मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच ती जाहीरपणे सांगितली. इतक्या कसलेल्या माणसाच्या हातून जे निसटलं, ते मी बाविशीच्या पोरांकडून पहिल्या फटक्यात मागत होते.

माझ्या जुन्या मताला एक आधार होता, तो मी आजही मानते. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला की कॉलेजचं नाव आणि ओळखपाळख बाजूला पडते. म्हणून समान प्रश्न मी सोडलेला नाही, पद्धत बदलली आहे. आता मी लॅपटॉपवर बग असलेला छोटा प्रोग्रॅम देते आणि अर्धा तास खोलीबाहेर जाते. परत आल्यावर काय केलं ते विचारते, मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तरी चालतं. इतर मुलाखतकारांशी बोलण्याआधी गुण लिहून टाकते.

त्या आठ वर्षांत मी ज्यांना नाकारलं, त्यांची भरपाई मला करता येणार नाही. मुलाखती घेणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र एक विनंती करते: पुढच्या वेळी प्रश्न द्या आणि थोडा वेळ खोलीबाहेर थांबा.