कंबोजदेशीं सहा अधिक दिवस

परदेशीं गेलेल्या मनुष्याचे दोन सोबती असतात. एक गांठीचा पैसा आणि दुसरा राहण्याचा परवाना. दोघेही मुकाट्यानें बरोबर चालतात, म्हणून ते आहेत याचें भान आपणांस राहत नाहीं. 2025 च्या फेब्रुवारींत कंबोडियामध्यें एकाच दिवशीं हे दोघेही मला सोडून गेल्याचें माझ्या ध्यानांत आलें. ती हकीकत येथें देत आहें ती सहानुभूति मिळविण्यासाठीं नव्हे. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, भाचे, पुतणे आज परदेशीं आहेत, आणि घरचीं वडील मंडळीही देशाटनाच्या हौसेनें बाहेर पडूं लागलीं आहेत. माझ्या चुकीचा त्यांस उपयोग व्हावा, आणि पैशाहून मोठें असें कांहीं माझ्या हातून तेथें जावयाचें होतें तें कसें वांचलें हेंही त्यांच्या कानीं घालावें, एवढाच हेतु.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला कंबोजदेशाची ओढ कां लागावी, हें निराळें सांगावयास नको. तेथील जुने शिलालेख संस्कृत आणि ख्मेर अशा दोन भाषांत कोरलेले आहेत, आणि त्यांतील कालगणना शकाची, म्हणजे आपल्या पंचांगाचीच आहे. मेकाँग नदीच्या कांठीं सांबोर येथें मिळालेल्या एका लेखांत शके 605 असा आंकडा असून त्यांतील शून्य म्हणजे नुसता एक ठिपका आहे. इ. स. 683 मधील हें शून्य आजवर सांपडलेल्या अत्यंत जुन्या शून्यांपैकीं एक समजतात. अंगकोर हें नांव तर मुळीं ‘नगर’ या शब्दाचेंच रूप. बाराव्या शतकांत दुसऱ्या सूर्यवर्म्यानें बांधविलेल्या अंगकोर वाटच्या ओवऱ्यांतून फिरतांना एका भिंतीवर कुरुक्षेत्र, दुसरीवर लंकेचें युद्ध आणि पूर्वेकडे सुमारें 49 मीटर लांबीचें समुद्रमंथन पाहिलें, कीं आपण परदेशीं आहों कीं आजोळीं आलों, असा क्षणभर भ्रम पडतो.

अशा भ्रमांतच मी 5 जानेवारीस सिएम रीप या गांवीं एका लहानशा पांथगृहांत उतरलों. अंगकोरचा सात दिवसांचा पास 72 डॉलरांस मिळतो आणि तो महिनाभरांत कोणत्याही सात दिवशीं वापरतां येतो, ही सोय माझ्या वयाच्या माणसास फार मानवली. एक दिवस देवळें पाहावीं, दोन दिवस टिपणें लिहावीं व पाय चोळीत बसावें, असा क्रम चालला होता. जाण्यायेण्यास एक रिक्षावाला ठरविला होता. तेथील रिक्षा म्हणजे मोटारसायकलीच्या मागें जोडलेला छपराचा गाडा. हा गृहस्थ चाळिशीचा, मितभाषी, कामापुरतें इंग्रजी जाणणारा. तो मला ‘ता’ म्हणे. ख्मेर भाषेंत ‘ता’ म्हणजे आजोबा.

आतां परवान्याची गोष्ट. घरीं असतांनाच मीं प्रवासी व्हिसा मागविला होता. त्या कागदावर मुदतीची म्हणून जी तारीख असते ती दिल्या दिवसापासून तीन महिन्यांनंतरची. मीं ती वाचली, समाधान पावलों आणि परतीचें तिकीट 9 फेब्रुवारीचें काढलें. वस्तुतः ती तारीख देशांत प्रवेश करण्याची शेवटची तारीख होती. एकदां प्रवेश केल्यावर राहण्याची मुदत 30 दिवसांचीच, आणि ती विमानतळावर पारपत्रावर उठविलेल्या शिक्क्यापासून मोजावयाची. कागदावर हें लिहिलेलें होतें. मीं तें वाचलें नव्हतें. प्रश्न संपूर्ण वाचल्यावांचून उत्तर लिहूं नये, हें मीं किती पिढ्यांना बजावलें असेल याचा हिशेब नाहीं.

6 फेब्रुवारीस शेवटची फेरी म्हणून बान्ते स्रेई येथें गेलों. पहिल्या पासाची मुदत सरली होती, म्हणून 37 डॉलरांचा एक दिवसाचा पास निराळा काढला. गांवापासून सुमारें 35 किलोमीटर दूर असलेलें हें शिवालय इ. स. 967 मध्यें यज्ञवराह नांवाच्या राजगुरूनें स्थापिलें. आकारानें लहान, पण तांबूस दगडावरील कोरीव काम असें, कीं सुतारानें चंदनाची पेटी कोरावी तसें. कैलास हलविणारा रावण, मदनाचें दहन, खांडववनावर कोसळणारा पाऊस, हीं सारीं चित्रें तेथील दर्शनी त्रिकोणांत आहेत. या देवळाची एक निराळीही कीर्ति आहे. 1923 सालीं आंद्रे माल्रो या तरुण फ्रेंच लेखकानें येथील देवतामूर्ति भिंतींतून काढून नेल्या, तो पकडला गेला, त्याजवर खटला चालला आणि मूर्ति पुन्हां जागच्या जागीं बसविण्यांत आल्या. पुढें हाच गृहस्थ फ्रान्सचा संस्कृतिमंत्री झाला! चोरीचा हा इतिहास मीं त्या दिवशीं सकाळींच रिक्षावाल्यास मोठ्या रसानें सांगितला होता.

संध्याकाळीं पांथगृहाचा हिशेब चुकता करावयाचा म्हणून मीं सर्व पैसे बरोबर घेतले होते. कापडी पिशवींत 430 डॉलर, थोडे स्थानिक रिएल, बँकेचें कार्ड आणि टिपणांची वही. पारपत्र तेवढें पांथगृहाच्या कपाटांत होतें. दरवाजाच्या चौकटीवरील कोरीव अक्षरें उतरून घेण्यांत दोन तास गेले. परततांना वाटेंत एका खेड्यापाशीं बायका ताडगूळ विकीत बसल्या होत्या. नातवंडांसाठीं दोन पुडे घ्यावे म्हणून पिशवीकडे हात नेला, तों पिशवी नाहीं.

मनाचा व्यापार किती वेगवान असतो पाहा. मीं पिशवी कोठें ठेविली होती, देवळांत नेली होती कीं नाहीं, हें आठवण्याच्याही आधीं माझी दृष्टि रिक्षावाल्याच्या पाठीकडे गेली. गाडींत पिशवी विसरलों असेन. मी आंत असतां हा एकटाच गाडीपाशीं होता. आणि चोरीच्या गोष्टी तर मींच त्यास सकाळीं सांगितल्या! एका क्षणांत खटला उभा राहिला, साक्षीपुरावा झाला आणि निकालही लागला. तो मात्र गाडी वळवून म्हणाला, “ता, परत जाऊन पाहूं.” परत गेलों, पण देऊळ बंद होण्याची वेळ झाली होती, रखवालदारानें आंत सोडलें नाहीं. तेथून त्यानें मला प्रवाशांसाठीं असलेल्या पोलीस कचेरींत नेलें.

ख्मेर भाषेंत पोलिसाला जो शब्द आहे तो आपला ‘नगरपाल’. एरव्हीं त्या पाटीवरून मीं अर्धा तास आनंदानें विचार केला असता. अधिकाऱ्यास इंग्रजी बेताचें येत होतें, म्हणून दुभाष्याचें काम रिक्षावाल्याकडेच आलें. काय गेलें, केव्हां गेलें, हें लिहून झाल्यावर अधिकाऱ्यानें एक प्रश्न विचारला. रिक्षावाला किंचित् थांबला आणि मग त्यानें तो मला सरळ इंग्रजींत सांगितला, “ते विचारतात, तुमचा कोणावर संशय आहे काय?”

मी त्याच्याकडे पाहिलें. त्यानें दृष्टि वळविली नाहीं. माझ्या जिभेवर काय आलें होतें हें त्यास कळलें, यांत मला शंका नाहीं. त्या कागदावर त्याचें नांव चढलें असतें तर मी तीन दिवसांनीं विमानांत बसून निघून गेलों असतों. तो आणि त्याचीं मुलेंबाळें त्याच गांवांत राहिलीं असतीं. किती वेळ गेला कोण जाणे. मीं “कोणावरही नाहीं” असें म्हटलें. हें मी मोठ्या मनानें म्हटलें असें कोणीं समजूं नये. धैर्य झालें नाहीं, इतकेंच.

तोंच अधिकाऱ्यानें पारपत्र मागितलें. तें वाटेंत पांथगृहांतून घेऊन आलों होतों. पानें चाळून त्यानें शिक्क्यावर बोट ठेविलें. माझी मुदत 3 फेब्रुवारीसच सरली होती! पैसे गेले त्याचें दुःख होतें, परंतु हें ऐकून भीति वाटली. मुदतीबाहेर राहिल्याबद्दल दर दिवसास 10 डॉलर दंड, तो विमानतळावर निघतेवेळीं भरावयाचा. माझे सहा दिवस, म्हणजे 60 डॉलर. हे सहा दिवस महिन्याच्या पलीकडे गेले असते तर अटक व देशाबाहेर घालविण्यापर्यंत पाळी आली असती. खिशांत त्या वेळीं एक डॉलरही नव्हता.

त्या रात्रीं पहिलें काम म्हणजे बँकेस फोन करून कार्ड बंद करविलें. दुसरें, दुबईस असलेल्या भाच्यास कळविलें. त्यानें एक शब्दही न विचारतां तिकडून पैसे पाठविण्याची व्यवस्था केली. ते पारपत्र दाखवून येथील पेढींत मिळावयाचे होते. पांथगृहांत उतरलेल्या एकानें सुचविलें, कीं थोडक्या पैशांत जुन्या तारखेचा शिक्का करून देणारे लोक असतात. चूक ही दंडानें फिटते, खोटा शिक्का हा गुन्हा होतो. त्या वाटेस मी गेलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं रिक्षावाला आला. हातांत माझी पिशवी! तो उजाडतांच पदरचें पेट्रोल घालून बान्ते स्रेईस गेला होता. झाडणाऱ्या बाईस ती एका उंबऱ्याच्या कडेस, मी जेथें बसून अक्षरें उतरून घेत होतों तेथेंच, मिळाली होती. वही होती, आतां निरुपयोगी झालेलें कार्ड होतें, नोटा नव्हत्या. म्हणजे पिशवी गाडींत राहिलीच नव्हती. ती मींच तेथें ठेवून उठलों होतों, आणि वाटेनें जाणाऱ्या कोणीतरी पैसे उचलले होते.

पिशवीबरोबर एक डबाही होता. मी मासळीच्या आंबवणाचा वासही सहन करीत नाहीं हें त्यानें महिनाभर पाहिलें होतें. त्याच्या बायकोनें निराळ्या भांड्यांत भात आणि नाळीच्या पाल्याची भाजी करून पाठविली होती. मी जेवूं लागलों, पण घांस उतरेना. ख्मेर भाषेंत क्षमा मागतांना ‘सोम तोः’ म्हणतात. लिहितांना त्यांतील दुसरा शब्द ‘दोष’ असाच लिहितात. आपला दोष आपण मागून घ्यावयाचा, असा त्याचा अर्थ. मीं तो शब्द उच्चारला. कशाबद्दल, हें त्यानें विचारलें नाहीं. “ता, भात निवेल,” एवढेंच म्हणाला.

8 तारखेस पैसे आले. त्याचें भाडें आणि दोन्ही फेऱ्यांचें पेट्रोल असा हिशेब त्यानें मांडला; वर मीं ठेविलेले वीस डॉलर परत केले, आणि सुटे रिएलही मोजून दिले. 9 तारखेस विमानतळावर मी रांगेंत न शिरतां प्रथम दंडाच्या खिडकीशीं गेलों, 60 डॉलर भरले, पावती घेतली. अधिकारी रागावला नाहीं. उशिरा आलेल्या मुलाकडे मास्तर पाहतो तितकेंच त्यानें माझ्याकडे पाहिलें. भिंतीवर ‘अन्तःप्रवेशन’ हा शब्द ख्मेर लिपींत होता. व्हिसालाही त्या भाषेंत ‘दिट्ठाकार’ म्हणतात; पालींतील ‘दिट्ठ’ म्हणजे ‘दृष्ट’, पाहिलेलें. आणि लॅटिनमधून आलेल्या ‘व्हिसा’ या शब्दाचाही अर्थ तोच. सर्व जगानें पाहिलेला तो कागद मींच तेवढा नीट पाहिला नव्हता.

प्रवासास निघणारांस चार गोष्टी सांगतों. व्हिसाच्या कागदावरील मुदत प्रवेशाची कीं वास्तव्याची, हें आधीं पाहावें, आणि शिक्का बसतांच दिवस मोजून शेवटची तारीख लिहून ठेवावी. अडचण असेल तर मुदत संपण्यापूर्वींच ती वाढवून घ्यावी. पैसे एका जागीं ठेवूं नयेत. काशीयात्रेस निघालेल्या आपल्या आज्या कांहीं नाणीं पदरास, कांहीं कनवटीस आणि कांहीं उशींत शिवून नेत, त्यांत शहाणपण होतें. पारपत्र पैशांपासून निराळें असावें. तेंच गेलें असतें तर पोलिसांचा दाखला घेऊन नोम पेन्ह येथील भारतीय वकिलातींत जावें लागलें असतें, तेथून परतीपुरता दाखला आणि मग त्यावर बाहेर जाण्याचा परवाना, इतका व्याप झाला असता.

घरीं परतल्यावर सर्वांस ही हकीकत सांगितली. वडीलबंधूंपासून धाकट्या नातवापर्यंत जो तो पिशवी हरवल्याचें ऐकतांच एकच म्हणे, “तो रिक्षावाला असेल!” प्रत्येकास मी पुढली गोष्ट सांगतों. ऐकून ते ओशाळतात, आणि त्यांचें ओशाळणें पाहून मला थोडें हलकें वाटतें.