वाढवायचे म्हणून कापायचे

आखूड केस वाढवायला घेतले की पहिली गरज कात्रीची लागते. वाढवायचं म्हणजे कापणं बंद, असाच आपला सगळ्यांचा समज असतो. पण डोक्यावरचा प्रत्येक केस महिन्याला साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतो आणि निघतो मात्र वेगवेगळ्या उंचीवरून. आखूड कटमध्ये मानेवरचे केस मुळात खालीच असतात. ते बघता बघता कॉलरमध्ये शिरतात, टाळूवरचे अजून कानालाही पोचलेले नसतात. त्या अवस्थेत आरशात बघितलं की ऐंशीच्या दशकाच्या शेवटी संजय दत्त जसा दिसायचा तसं काहीतरी दिसतं, फक्त दंडांशिवाय. म्हणून वरचे खाली येईतो मानेवरचे कापत राहायचं. मागच्यांना थोपवायचं, पुढच्यांना येऊ द्यायचं.

त्यात माझे केस बारीक. संख्येनं कमी नाहीत, पण एकेक केस इतका मऊ की रबरबँडला धरवत नाही. आई चारचौघांत ‘रेशमासारखे’ म्हणायची आणि घरात ‘मक्याच्या कणसाचे’. दोन्ही वर्णनं खरी होती.

माझं जावळ दोनदा काढलं. पहिल्यांदा रीत म्हणून, दुसऱ्यांदा आशा म्हणून. चिपळूणला आमच्या घरी, आळीत, अख्ख्या नात्यात कुणालाच शंका नव्हती की वस्तरा फिरला की केस दाट येतात. वस्तऱ्याला त्वचेखालचं मूळ दिसतसुद्धा नाही. तो केसाचं निमुळतं टोक तेवढं उडवतो, आणि खालून येणारा बोथट खुंट हाताला राठ लागतो. तो राठपणा म्हणजेच दाटपणा असं समजून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोरांची डोकी तासली गेली. माझं दुसरं जावळ काढल्यावरही तेच मक्याचं कणीस परत आलं.

मग उपाय सुरू झाले. जास्वंदीची पानं वाटून, माका उकळून, कांद्याचा रस चोळून. रविवारी न्हाणं. शिकेकाई, आवळकाठी आणि नागरमोथा रात्रीच भिजत पडायचे. शाळेत दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनी बांधायच्या असत. माझ्या वेणीला दुमडण्याएवढी लांबीच नसे, त्यामुळे रिबिनीचं फूल मोठं आणि वेणी नावाला. गॅदरिंगला कोळीनृत्य बसवलं तेव्हा मावशीनं तिचं गंगावन काढून दिलं. ते काळंभोर, माझे केस पिंगट. मागून बघणाऱ्याला दोन माणसांचे केस एका डोक्यावर आहेत हे स्पष्ट दिसत असणार. त्या गंगावनाचं ओझं मला अजून आठवतं, कारण दाट केसांना वजन असतं हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या माजघरात आजीच्या सासूचा फोटो होता. कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि त्याखाली केसांची रेघसुद्धा नाही. मी आजीला विचारलं होतं, ‘हिचे पण दाट यावेत म्हणून काढले का?’ आजीनं उत्तर दिलं नाही, नुसतं मला जवळ ओढून माझ्या डोक्यात तेल थापटत राहिली. आलवण म्हणजे काय, न्हावी मागीलदारानं का यायचा, हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते.

केशवपनाबद्दल आपण शाळेत शिकतो ते आगरकरांच्या लेखांतून आणि सुधारकांच्या चरित्रांतून. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं. त्यामागे सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे होते. मला ही गोष्ट फार आवडते, कारण लेख लिहिणाऱ्याच्या हातात लेखणी असते, पण वस्तरा ज्याच्या हातात होता त्यानं तो खाली ठेवला. तरी त्या सभेनंतर कित्येक वर्षांनीही आजीच्या सासूच्या डोक्यावर तो फिरलाच. चिपळूणला बहुधा बातमी पोचली नसावी, किंवा पोचून उंबऱ्याबाहेर राहिली असावी.

पण केस परत वाढवण्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. पार्वतीबाई आठवले आमच्याच भागातल्या, देवरुखच्या. अण्णासाहेब कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाईंची, म्हणजे बायांची, ही सख्खी बहीण. बहिणीनं पुनर्विवाह केला, पार्वतीबाईंनी केला नाही. विधवा म्हणून वपन केलेल्या डोक्यानं त्यांनी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. पुढे त्यांनी केस वाढवायचं ठरवलं, आणि त्याही पुढे संस्थेसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. हे सगळं त्यांच्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रामुळे आपल्याला माहीत आहे. माझं मन अडकतं ते ठरवण्याच्या आणि अंबाड्याच्या मधल्या काळात. बोटभर केस, धड वपन नाही, धड वेणी नाही. पदर सरकला की उभे राहणारे खुंट. समोर वर्गणीदार बसलेला, आणि त्याची नजर कपाळाच्या वर. काढणाऱ्यांना एक सकाळ पुरली होती. वाढायला वर्षं लागली असणार, आणि त्यातला प्रत्येक दिवस लोकांच्या डोळ्यांदेखत.

माझ्या मधल्या काळाला तसलं कुठलंच वजन नाही हे मला ठाऊक आहे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘आजकल कौन सा कट है?’ असं कुणी विचारतं, एवढंच काय ते सोसणं. पण कात्री घेऊन आरशापुढे उभी राहिले की पार्वतीबाई आठवतात, त्याला माझा इलाज नाही.

पुण्यात शिकायला आले आणि पहिल्याच वर्षी बॉबकट केला. आई महिनाभर फोनवर जेवढ्यास तेवढं बोलत होती. नव्वदचं दशक संपत असताना नोकरीसाठी दिल्लीत आले तोवर बॉबकटचाही बॉयकट झाला होता. करोलबागेत बरसातीत राहायचे. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकच खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि जानेवारीत बर्फ. तिथली घरमालकीण पहिल्या दिवशी अगदी मायेनं म्हणाली, ‘बेटा, बीमार थी क्या?’ तिच्या लेखी एवढे आखूड केस टायफॉइडनंतरच असत. पुढे पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेजवळ गणपतीत मराठी माणसं भेटली, त्यांनी असलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘लग्न झालंय का?’ बहुधा केसांवरूनच सुचलं असावं.

दिल्लीची हवा बारीक केसांची वैरीण. कोकणात दमटपणानं ते डोक्याला चिकटून बसायचे. इथे नोव्हेंबर उजाडला की स्वेटर काढताना तडतड आवाज होतो आणि केस चहूबाजूंनी उभे राहतात. पुढे नॉयडाला राहायला आलो तेव्हा शेजाऱ्यांनी अभिमानानं सांगितलं की इथे गंगाजल येतं. येतं, पण बोअरच्या पाण्यात मिसळून, आणि बादलीच्या तळाशी पांढरा थर ठेवून. क्षारांचं पाणी जाड केसांना नुसतं रूक्ष करतं, माझ्या केसांचा पार भुसा होतो. पार्लरमध्ये याचा मोठा धंदा चालतो. खुर्चीत बसले की मुलगी बट चिमटीत धरून, कुणाच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणते, ‘मॅम, बाल बहुत पतले हैं,’ आणि मग केराटिनचं दरपत्रक पुढे येतं. एका पार्लरनं ‘व्हॉल्यूम’ यावा म्हणून दातेरी कात्रीनं माझे केस आतून विरळ करून दिले. दाट केसांचं ओझं हलकं करण्याची ती युक्ती माझ्या केसांवर केल्यावर टोकांतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. बारीक केसांना सरळ, बोथट कापलेली कड लागते. तीच त्यांना जरा भरीवपणा देते.

मग २०२० आलं आणि टाळेबंदीत सलून बंद झाली. केस कापून घ्यायला मी दिल्लीत जायचे, कारण वीस वर्षांत तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला माझं डोकं पाठ झालं होतं. १ जूनला दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी सलून उघडायला परवानगी दिली, आणि त्याच घोषणेत दिल्लीच्या सीमा आठवडाभर बंद केल्या. सलून उघडलं खरं, पण सीमेपलीकडे. तो आठवडा संपल्यावरही मी गेले नाही. तोवर केस कानाखाली आले होते आणि त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदाच कुतूहल वाटलं. आईच्या शिकेकाईखेरीज, कारागिराच्या मशीनखेरीज, हे किती वाढतात? पन्नाशीकडे जाताना बायका केस कापतात. मी तेव्हा वाढवायला घेतले, आणि याला याहून मोठं कारण नाही.

कात्रीचा शोध मेरठपर्यंत गेला. मेरठची कात्री म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा हातकामाचा धंदा, गाड्यांच्या जुन्या कमानींच्या पोलादातून घडवलेली पाती. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता नमो भारत रेल्वे झाल्यापासून मेरठ म्हणजे गाझियाबादच्या पुढचं उपनगरच वाटतं. दुकानदारानं माझ्या हातात एक दणकट, सुंदर कात्री दिली, कशासाठी हवी ते विचारलं, आणि उत्तर ऐकून ती परत घेतली. ‘ये कपड़े की है बहनजी. बाल दब जाएगा, कटेगा नहीं.’ त्याचं खरं होतं. जाड पात्यांत बारीक केस दुमडतो, चिरडतो आणि त्याला तिथेच फाटा फुटतो. विकायला बसलेल्या माणसानं विक्री नाकारली, ही गोष्ट पार्लरच्या दरपत्रकासमोर ठेवून बघावी. केसांची पातळ कात्री मी सदर बाजारातून आणली. ती फक्त केसांसाठी आहे, आणि दुधाची पिशवी तिनं कापणाऱ्याची घरात खैर नाही.

कापायचे ते कोरडे असताना. ओला केस ताणला जातो आणि वाळला की वर सरकतो. बारीक केसांच्या बाबतीत तेवढा फरक मानेवर उघडा पडतो. पुढचं काम सोपं असतं, बट दोन बोटांत धरायची आणि जितकी कापावीशी वाटते त्याच्या अर्धीच कापायची. मागचं काम आंधळं. दोन आरसे लावले तर हात डावीकडे न्यायचा असतो तेव्हा उजवीकडे जातो, म्हणून मी आरसा सोडूनच दिला. डोळे मिटून बोटांनी मानेवरची कड चाचपते आणि हाताला जे जास्त लागेल ते तेवढंच उडवते. हाताला कळणारी लांबी डोळ्यांना कळणाऱ्या लांबीपेक्षा खात्रीची असते. जमिनीवर पडतं ते चिमूटभरही नसतं. आमच्या गल्लीत लाउडस्पीकर लावून विंचरलेल्या केसांची गुंतवळ विकत घेणारा सायकलवाला येतो. त्याला माझी चिमूट दाखवली तर त्यानं मान हलवली. त्याला लांब हवेत.

वरच्या मजल्यावर सरदारजींचं कुटुंब आहे. तिथल्या आंटींनी जन्मात केसाला कात्री लावलेली नाही. मला वाटायचं त्यांचे केस गुडघ्यापर्यंत असतील. एका दुपारी त्या गच्चीत केस वाळवत बसल्या होत्या. माझ्यासारखेच बारीक, आणि पाठीच्या मध्यावर संपलेले. प्रत्येक केसाच्या वाढीचा काळ ठरलेला असतो, कुणाचा दोन-तीन वर्षांचा तर कुणाचा सहा-सात. तो संपला की केस गळतो आणि त्याच जागी नवा सुरू होतो. न कापताही माणसाचे केस कुठेतरी थांबतातच. ‘इससे आगे कभी गए ही नहीं,’ त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात तक्रार औषधालाही नव्हती. मी मनातल्या मनात माझं लक्ष्य खांद्याच्या जरा खाली आणून ठेवलं.

गेल्या दिवाळीत आई आली. सत्तरी उलटली, उजवा खांदा धरलेला, हात डोक्यामागे जात नाही. माझे मानेखाली आलेले केस तिनं उलटेपालटे करून पाहिले, ‘कोण कापतं?’ विचारलं, आणि ‘मी’ म्हटल्यावर गप्प झाली. दुसऱ्या दिवशी स्वतःच बाल्कनीत खुर्ची मांडली, अंबाडा सोडला, आकडे माझ्या हातात दिले.

‘कानापर्यंत कर,’ म्हणाली. ‘तुझे होते ना पुण्याला, तसे.’

मी खांद्यापर्यंतच करूया म्हणून घासाघीस करत होते. तिनं ऐकलं नाही. कात्रीचा पहिला आवाज झाला तशी मान न वळवता म्हणाली, ‘मावशीला व्हिडिओ कॉल लागला तर मी पदर घेईन. आणि तू वाढवतेयस ना, मग मावशीचं ते गंगावन चिपळूणला कपाटात पडलंय, पाठवू का?’