ई-रिक्षाच्या मोटरीत ब्रश कुठे असतो?

दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. त्यात विद्युत चलित्र, म्हणजे आपली साधी मोटर येते. चुंबकाचे दोन ध्रुव, मधे तारेची चौकट, दोन अर्धी कडी आणि त्यांना घासणारे दोन कार्बन ब्रश. सोबत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. आकृती काढा, नावं द्या, गुण घ्या. पोरं ही आकृती सुरेख काढतात, त्याबद्दल तक्रार नाही.

यंदा हा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या रिक्षाचे ब्रशच खराब झाले असतील का?" तिचे वडील परतवाडा ते अचलपूर ई-रिक्षा चालवतात. चार दिवसांपासून गाडी घरासमोर उभी होती. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, मोटर गेली, नवीनच टाकावी लागेल. घर त्या गाडीवर चालतं आणि गाडीचा हप्ताही बाकी. मी म्हटलं, "बाई, तुमच्या मोटरीत ब्रश नसतातच."

"मंग ते फिरते कशी, सर?"

प्रश्न रास्त होता. पुस्तकातली मोटर आजही हातातल्या ड्रिल मशीनमध्ये, मिक्सरमध्ये आहे. ड्रिलच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात ना, ते ब्रशच. मोठ्या शहरांत गोल्फ कार्ट नावाची बॅटरीची गाडी असते, जुन्या कार्टमध्येही हीच मोटर. तिथे तपासणी सोपी. ब्रश झिजले का, कड्यांवर काळं साचलं का, ते डोळ्यांनीच दिसतं. आपल्याकडच्या ई-रिक्षात मात्र बहुतेक ठिकाणी बिनब्रशची मोटर येते. बाहेरून पाहावं तर नुसता धातूचा डबा. आपल्या शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. कोणता दांडा कोणत्या चाकाला ढकलतो, हे फलाटावरच्या पोरालाही दिसायचं. या डब्यात तसं काहीच दिसत नाही, म्हणून "मोटर गेली" म्हटलं की माणूस गप्प बसतो.

रविवारी त्या मुलीला, तिच्या वडिलांना आणि वर्गातल्या आणखी तिघांना घेऊन मी ओळखीच्या वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरी भरण्यात त्यांची हयात गेली, आता रिक्षाही पाहतात. गाडी जागेवर घर्रर्र करायची, झटके द्यायची, पुढे जायची नाही. एका पोराने लगेच पाना उचलला. काका म्हणाले, "ठेव तो खाली. पयले मीटर, मंग पाना." आणि मीटर त्यांनी मुलीच्या हातात दिला. मला हे फार आवडलं, कारण अशा ठिकाणी पोरी सहसा मागे उभ्या राहतात.

आधी बॅटऱ्या. १२ व्होल्टच्या चार, एकीला एक जोडून ४८. उभ्या गाडीत मीटरने ५० च्या वर दाखवलं. पण तेवढ्यावर भागत नाही. ॲक्सिलरेटर पिळत असताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. दुबळी असेल ती तेव्हा एकदम खाली येते. इथे चारही सारख्या होत्या.

मग मोटर. कंट्रोलर म्हणजे सीटखालची ती पत्र्याची पेटी. तिच्यातून मोटरीकडे तीन जाड तारा जातात, पिवळी, हिरवी, निळी. काकांनी त्या सोडवल्या. मुलगी मीटरने गुंडाळ्यांचा रोध मोजू लागली तर तिन्ही जोड्यांत जवळजवळ शून्य. जाड तारेचा रोध इतका कमी असतो की साध्या मीटरला बरी गुंडाळी आणि जळालेली गुंडाळी यांतला फरक कळतच नाही. कोणत्याही तारेचा मोटरीच्या अंगाशी संबंध नाही ना, एवढं मात्र मीटरने नक्की कळतं. नव्हता.

पुढची युक्ती पाहण्यासारखी होती. मागचं एकच चाक जॅकवर घ्यायचं. दोन्ही उचलली तर एक फिरवताना दुसरं उलटं फिरतं आणि मोटर जागची हलत नाही. चाक हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. मग दोन जाड तारांची टोकं एकमेकींना जोडली आणि फिरवलं, तर चाक जड, अडखळत फिरू लागलं. तिन्ही जोड्यांत सारखंच जड. पोरं म्हणाली, "बिघडली!" उलट, मोटर शाबूत असल्याची ती खूण. चाक फिरवलं की मोटर जनित्र होते, जोडलेल्या तारांतून धारा वाहते आणि ती धाराच फिरण्याला विरोध करते. जनित्राचा भाग त्याच धड्यात, काही पानं पुढे आहे. तारा सुट्या असतानाच चाक असं अडलं असतं, तर मात्र गुंडाळी जळाली म्हणून समजायचं.

राहिल्या पाच बारीक तारा. त्या हॉल सेन्सरच्या. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं की धारा वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणलं तर पट्टीच्या आडव्या बाजूंना थोडं विभवांतर तयार होतं. त्याच तत्त्वावरचे तीन बारीक सेन्सर मोटरीत बसवलेले असतात. चुंबक आता कुठे आलं हे ते कंट्रोलरला कळवतात आणि त्यानुसार कंट्रोलर धारेची दिशा बदलतो. पुस्तकातली दोन अर्धी कडी आणि ब्रश हेच काम करतात. म्हणजे काम तेच, करणारा बदलला.

लाल-काळ्या तारेत ५ व्होल्ट होते. चाक हळूहळू फिरवलं तर दोन सेन्सरच्या तारांवर मीटर ० आणि ५ च्या मधे उड्या मारू लागला. तिसरी ५ वरच अडकून बसली. "काका, हे हालत नाई," मुलगी म्हणाली. काकांनी प्लग उघडला. एक पिन हिरवी पडून आतल्या आत तुटली होती, पावसाचं पाणी. प्लग कापून पाचही तारा झाळल्या, नळी चढवली आणि जोड सीटखाली उंचावर बांधला. वडिलांनी ॲक्सिलरेटर पिळला, गाडी सरळ निघाली. मोटर उघडावीही लागली नाही.

शिक्षक मित्रांनो, वर्गात करायचं असेल तर पोरांना रिक्षाच्या बॅटरीजवळ नेताना हातातलं कडं, अंगठी आधी काढायला लावा. पाना दोन टोकांवर पडला तर तो लालबुंद होतो. घरच्या २३० व्होल्टच्या मोटरीवर हे प्रयोग अजिबात नकोत. आणि रिक्षा मिळाली नाही तर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घ्या. तोही बिनब्रशचा असतो. पाती अलगद ओढून काढली की आत गुंडाळ्या आणि त्यांच्या शेजारी एक बारीक काळा तुकडा दिसतो. तो कशासाठी, हे आधी पोरांनाच विचारा.