थोडं पुढे घ्या

वाघिणीचा फोटो घरात लावायला अम्मीनं नाही म्हटलं. फलटणहून मोठा करून, फ्रेम करून आणलेला फोटो मी भिंतीला लावून बघत होतो, आणि ती पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. "जिस कमरे में नमाज पढते, वहाँ जानदार की तसवीर नको लगाओ," एवढंच म्हणाली आणि परत सुपात बघायला लागली. आमच्या नातेपुत्याच्या घरात हॉल एकच. नमाज तिथंच, जेवण तिथंच, पोरांचा अभ्यासही तिथंच. दुसरी भिंत आणायची कुठून? शेवटी बायको म्हणाली, शाळेत न्या, पोरं तरी बघतील. म्हणून जून २०२३ मध्ये ती वाघीण माझ्या वर्गात आली, फळ्याच्या डाव्या बाजूला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी ती कामाला आली. उर्दूत 'शेर' लिहिताना शीन, ये, रे. आणि शीरखुर्म्यातलं 'शीर', म्हणजे दूध, तेही शीन, ये, रे. लिहायला एकच, वाचायचं संदर्भानं. कवितेतला शेर मात्र मधे ऐन घालून लिहायचा. पोरांना हे कितीही सांगा, परीक्षेत कुणीतरी वाघाचं दूध करतंच. फोटो लावल्यावर निदान एका वर्षात तरी ही चूक कमी झाली, म्हणून मी खूश होतो.

पाहणाऱ्या प्रत्येकानं फोटोचं कौतुक केलं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तेव्हा अंगठे आणि फुलं मोजता येत नव्हती. तो कसा काढला हे मात्र मी कुठं सांगितलं नव्हतं. ते आज सांगतो.

आम्ही चौघं शिक्षक मे महिन्यात विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात गेलो होतो. कोणत्या, ते लिहीत नाही. तिथल्या गाईडांची आणि जिप्सीवाल्यांची घरं त्यावर चालतात, आणि दोष त्यांच्याइतकाच, खरं तर त्यांच्याहून जास्त, माझा आहे. कॅमेरा भाच्याचा होता. तो अकलूजला लग्नांच्या ऑर्डरी घेतो. मे म्हणजे त्याचा सीझन, तरी मामा म्हणून चार दिवस त्यानं दुसरा कॅमेरा दिला. दोन संध्याकाळी मला घेऊन बसला. मामू, वाघ नवरदेवासारखा उभा राहणार नाही, शटर स्पीड पाचशेच्या खाली आणू नका. डोळ्यावर फोकस ठेवा. बटण दाबून धरलं की फोटो सटासट निघतात, त्यातला एक चांगला येतोच. लांबची लेन्स हातात हलते, तर जिप्सीच्या दांडीवर तांदळाची पिशवी ठेवा आणि त्यावर लेन्स टेका. हे शेवटचं फार उपयोगी पडलं. अम्मीच्या डब्यातला किलोभर इंद्रायणी जंगल बघून आला.

मे महिना निवडायचं कारण पाणी. उन्हाळ्यात नाले आटतात, उरलेल्या पाणवठ्यांवर वाघ येतो, गवत वाळून बसलेलं असतं, त्यामुळे लांबून दिसतो. पावसाळ्यात तर गाभा क्षेत्रातली सफारी बंदच असते. पहिल्या सकाळी आम्हाला फक्त पावलं दिसली. मऊ मातीत उमटलेली, ताजी, गाईडनं उतरू दिलं नाही. दुसऱ्या सकाळी चितळ ओरडलं, मग झाडावरून वानर खेकसलं. गाईडनं हात वर केला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ती दोन-तीन मिनिटं मला अजून आठवतात. सहा माणसं गाडीत, आणि कुणाच्या श्वासाचाही आवाज नाही. वर्गात इतकी शांतता मी वीस वर्षांत मिळवलेली नाही.

ती डावीकडच्या बांबूतून आली. रस्त्याच्या पलीकडे उतार होता आणि खाली पाणी. आमच्यापासून ती बरीच लांब होती. कॅमेऱ्यातून बघितलं तर वाघीण, पण लहान, आणि मधे वाळलेल्या गवताच्या काड्या. तेव्हा मी म्हणालो, "दादा, थोडं पुढे घ्या की."

ड्रायव्हर गाईडकडे बघायला लागला. गाईड म्हणाला, सर, अंतर ठेवावं लागतं, ती येईल, थांबा. मी खिशातून पाचशेची नोट काढली. दिली नाही, फक्त हातात धरली. पण दिसेल अशी धरली. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

गाडी पुढे गेली. आमची गेली म्हणून मागची गेली, तिच्यामागची गेली. समोरून येणाऱ्या दोन गाड्यांनीही तेच केलं. बघता बघता रस्त्यावर गाड्यांची भिंत झाली. वाघीण रस्त्याच्या कडेला आली आणि थांबली. एकदा उजवीकडे चार पावलं गेली, तिथं गाडी. परत आली. मग बसली, तोंड आमच्याकडे करून. कान मागे गेले, ओठ किंचित वर. मी बटण दाबून धरलं. चाळीस-पंचेचाळीस फोटो निघाले असतील. भाचा म्हणाला होता तसा त्यातला एक चांगला आला. डोळे लख्ख, मिशीचा केस न् केस मोजता यावा असा.

वर्गात फोटो लागून महिना झाला असेल. पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही चिडली कशाला?" मी म्हटलं, वाघ असाच असतो. तिचं समाधान झालं नाही. "ती कुठं चालली होती?" म्हटलं, पाण्याला. "मग प्याली का?"

मला माहीत नव्हतं. वाघीण उठली की नाही, कुठून गेली, काही माहीत नव्हतं. कारण तेव्हा मी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मागे-पुढे करत होतो. आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर जिवंत वाघीण होती आणि मी तिचा फोटो बघत होतो. मान वर केली तेव्हा गाड्या गेटच्या वेळेसाठी निघाल्या होत्या. मी मुलीला म्हटलं, प्याली असेल. तेवढ्यात घंटा झाली.

मग ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींनी अडवले. व्हिडिओ सगळीकडे फिरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले, दंड झाला. आमच्या ग्रुपवरही व्हिडिओ आला. खाली एका सरांनी लिहिलं, अशा गाडीवाल्यांना कायमचं बंद करा. मी त्याच्यावर अंगठा दिला, आणि थोड्या वेळानं काढून घेतला. ड्रायव्हर आणि गाईड तर कायद्याच्या हाताला लागतात. मागच्या सीटवर नोट धरून बसलेला माणूस लागत नाही.

योगायोग असा की त्याच डिसेंबरात वाघाचा आणखी एक फोटो बातम्यांत आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक नर वाघ जवळजवळ पाचशे किलोमीटर चालत धाराशिव जिल्ह्यात आला आणि येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यात टिपला गेला. तिथून तो आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातही फिरला. म्हणजे मी ज्याच्यासाठी विदर्भात गेलो, तो स्वतःच्या पायानं आमच्या जिल्ह्यात आला. पकडायला ताडोब्याहून पथक आलं, तरी सहजासहजी हाती लागला नाही.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे झाडाला बांधलेली पेटी. समोरून ऊबदार अंग हललं की आपोआप फोटो. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, म्हणून फोटोवरून कोणता वाघ ते कळतं. आज देशातले वाघ मोजतात ते मुख्यतः असेच. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ निघाले. कल्पना जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनाधिकारी हिमालयाच्या पायथ्याशी वाघाच्या वाटेवर तार लावायचा. पाय लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. १९२७ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. फ्लॅशनं वाघ दचकत असेल हे खरं, पण निदान त्याची वाट मोकळी असायची.

माझा मेहुणा बार्शी तालुक्यात शेती करतो. वाघाची बातमी आल्यावर मी उत्साहानं फोन केला, फोटोबिटो मिळाला का रे? तो म्हणाला, "दूल्हेभाई, म्हशी आत बांधू का फोटो काढू?" मला डिसेंबर २०२० चं करमाळा आठवलं. बिबट्यानं तिथं माणसं मारली होती, आणि इकडे आमच्या माळशिरस तालुक्यातसुद्धा रात्री उसाला पाणी द्यायला जायला लोक कचरत होते. १८ डिसेंबरला त्याला गोळी घातली. जिवंतपणी त्याचा फोटो कुणी मागितला नाही. मेलेल्याचा मात्र माझ्या मोबाईलवर चार ग्रुपवरून आला.

जानेवारीत मी वर्गाला मराठीच्या तासाला निबंध दिला. फोटोकडे बोट दाखवून सांगितलं, ही पाण्याला चालली होती, आम्ही गाड्यांनी हिची वाट अडवली, 'पुढे घ्या' मी म्हणालो होतो. पुढे काय झालं ते दहा ओळीत लिहा. वर्ग एकदम माझ्याकडे बघायला लागला, वाघिणीकडे नाही.

बहुतेकांनी लिहिलं की गाड्या मागे गेल्या. दोघांनी वाघिणीला सरांवर उडी मारायला लावली, त्यातल्या एकानं मला वाचवलंही नाही. ती प्रश्न विचारणारी मुलगी आता सहावीत आहे. तिनं चारच ओळी लिहिल्या. वाघीण बांबूत जाऊन बसली. संध्याकाळी गेट बंद झालं. रात्री गाड्यांना परवानगी नसते. मग तिनं पाणी प्यालं.

शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मी लाल केल्या नाहीत.