लंडनांत पाहिलेली एक शिडी

गेल्या वर्षीं ज्येष्ठाच्या सुमारास आम्हांस लंडनास जाण्याचा योग आला. आमचे कैलासवासी वडील बंधु यांचे चिरंजीव तेथें नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतात. त्यांचा आग्रह मोडवेना. तेथील राजवाडे, पूल व पदार्थसंग्रहालयें यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील, म्हणून त्यांची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. आम्हांस त्या अफाट शहरांत एकच वस्तु मुद्दाम पाहावयाची होती, आणि ती म्हणजे एक शिडी. ती फ्रीमेसन मंडळींच्या मुख्य मंदिराच्या छताशीं जडावाच्या कामांत काढलेली आहे.

पृथ्वीवरून स्वर्गास जाण्याची कांहीं वाट असावी, ही मनुष्याची फार जुनी कल्पना. वाजपेय यज्ञांत यूपास शिडी लावून यजमान पत्नीसह वर चढतो आणि आपण स्वर्गास पोंचलों असें म्हणतो, हें शतपथब्राह्मणांत सांगितलें आहे. आमचे तीर्थरूप याज्ञिक होते. त्यांच्या तोंडून हा विधि आम्हीं लहानपणीं ऐकला. अमरकोशांत शिडीस 'निश्रेणी' म्हटलें आहे. गोव्याकडे अजून तीस 'निसण' म्हणतात, ती हीच.

सकाळीं चिरंजीवांनीं आम्हांस प्रथम वॉलब्रुक येथें नेलें. रोमन लोकांचें राज्य असतां तिसऱ्या शतकांत तेथें मिथ्र देवाचें देऊळ होतें. त्याचे अवशेष १९५४ सालीं खोदकामांत सांपडले, आणि २०१७ पासून एका मोठ्या व्यापारी इमारतीच्या तळघरांत ते लोकांस पाहावयास ठेविले आहेत. रस्त्यापासून सुमारें सात मीटर खालीं उतरावें लागतें. मिथ्र हें नांव आपल्या वेदांतील मित्राशीं सगोत्र आहे, हें वाचकांस सांगणें नकोच. या पंथाच्या लोकांत सात दरवाजांच्या शिडीची कल्पना होती, असें केल्सस नांवाच्या ग्रंथकारानें दुसऱ्या शतकांत लिहिलें, आणि त्याचें खंडन करणाऱ्या ओरिजेनमुळेंच तें आज शिल्लक आहे. पहिला दरवाजा शिशाचा, शेवटचा सोन्याचा. एकेक दरवाजा एकेका ग्रहाचा. जीवानें जडांतून तेजाकडे पायरीपायरीनें जावयाचें, हा त्यांतील भाव. शिडीचें हें गूढ फ्रीमेसनांच्याही पूर्वीं कितीतरी शतकें त्याच शहराच्या जमिनीखालीं नांदत होतें, हें पाहून मौज वाटली.

तेथून बसनें आम्ही ग्रेट क्वीन स्ट्रीट येथें आलों. फ्रीमेसन म्हणजे शब्दशः गवंडी किंवा पाथरवट. जुन्या काळच्या दगडकाम करणाऱ्यांचीं हत्यारें घेऊन त्यांस नीतीचे अर्थ दिलेले, असा हा संप्रदाय. गुण्या म्हणजे सरळ वर्तन, ओळंबा म्हणजे सचोटी. ओबडधोबड दगड हा नवखा मनुष्य आणि घडीव दगड हा संस्कार झालेला मनुष्य. त्यांची पहिली महासभा १७१७ सालीं लंडनांतच स्थापन झाली. आजचें भव्य मंदिर १९२७ ते १९३३ या काळांत, पहिल्या महायुद्धांत पडलेल्या ३,२२५ बंधूंच्या स्मरणार्थ बांधलें. त्यांचीं नांवें एका गुंडाळीवर लिहून कांशाच्या पेटींत ठेविलीं आहेत. पूर्वीं या मंडळींविषयीं कितीही कानगोष्टी चालत असल्या, तरी आज परक्या मनुष्यास वाटाड्याबरोबर आंत जातां येतें व संग्रहालयही पाहतां येतें.

मुख्य सभागृहाचे कांशाचे दरवाजे प्रत्येकीं सव्वा टन वजनाचे आहेत. पण ते हातानें सहज लोटतां येतात. आंत सुमारें १,७०० माणसें बसतील. छताच्या मध्यभागीं आकाश व तारे, आणि सभोंवार जडावाचा पट्टा. पश्चिमेस युक्लिड व पायथागोरस आहेत. त्यांस पाहून आमच्यांतला जुना शिक्षक जागा झाला, आणि यज्ञवेदी आंखतांना तोच सिद्धांत सांगणारा आपला बौधायन शेजारीं असता तर बरें झालें असतें, असें वाटलें. मग आम्हीं पूर्वेकडे मान वळविली. तेथें ती शिडी होती. तिच्यावर क्रूस, नांगर आणि पेटतें हृदय अशीं तीन चिन्हें आहेत. तीं अनुक्रमें श्रद्धा, आशा आणि प्रेम यांचीं. हिला याकोबाची शिडी म्हणतात. मेसनांच्या सभागृहांत पहिल्या दीक्षेचा जो चित्रफलक असतो, त्यांतही ती असते. तेथें तिचा पाय धर्मग्रंथावर टेंकलेला आणि शेंडा ढगांत गेलेला असतो. पायऱ्या पुष्कळ, पण मुख्य या तीन. आणि ज्यास तिसरी साधली तो शेंड्यास पोंचला, असें ते मानतात. हिंदुस्थानांतील सभागृहांत धर्मग्रंथ एकच नसतो. बायबल, कुराण, अवेस्ता, गीता असे अनेक ग्रंथ ठेवितात, आणि हिंदु सभासद गीतेवर हात ठेवून शपथ घेतो. हिंदी लोकांस प्रवेश मिळावा म्हणून मुंबईस १८४३ सालीं डॉ. जेम्स बर्न्स यांनीं एक निराळी शाखा काढली होती. पुढें १९६१ सालीं हिंदुस्थानची स्वतंत्र महासभा झाली. म्हणजे आपल्याकडे त्या शिडीचा पाय गीतेवरही टेंकतो.

येथवर प्रवासवर्णन झालें. ही शिडी पाहण्याची आम्हांस एवढी ओढ कां होती, तें आतां सांगतों.

आमचे दादा इंजिनियर होते, आणि नोकरीच्या गांवीं ते या मंडळींत गेले होते. १९७९ च्या दिवाळींत ते पत्नी व दोन वर्षांच्या मुलासह घरीं आले, तेव्हां त्यांच्या सामानांत एक चपटी पेटी होती. तीर्थरूपांनीं तींत काय आहे म्हणून विचारलें. दादा म्हणाले, "अण्णा, वाईट असें त्यांत कांहीं नाहीं, पण उघडून दाखवावें असें मला वाटत नाहीं." तेवढ्यावर तें राहतें. आम्हीं रात्रीं दादांच्या कोटांतून किल्ली काढली, पेटी उघडली, आणि आंतला चामड्याचा एप्रन पहांटे तीर्थरूपांच्या पुढें नेऊन ठेविला. सोवळ्याचें घर, तीर्थरूपांनीं त्यास स्पर्शही केला नाहीं. "जेथें हें नेसतात तेथेंच यापुढें जेवीत जा," एवढेंच ते दादांस बोलले. मातुश्री रडत राहिल्या. दुपारच्या गाडीनें दादा सहकुटुंब गेले. १९९१ सालीं तीर्थरूप वारले तेव्हां ते आले. दिवस झाले, आणि परत गेले. आमच्याशीं जें बोलले तें विधीपुरतें. २०२१ सालीं तेही गेले.

आम्ही तेव्हां एकवीस वर्षांचे होतों. अजाणतेपणाची सबब चालणार नाहीं. धर्माची चाड हीही सबब खरी नव्हे. दादांवर वडिलांचा जीव अधिक होता, एवढेंच तें कारण. तो एप्रन कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा असतो आणि निष्पापपणाची खूण म्हणून बांधतात, हें आम्हांस पुढें वाचनांत कळलें. आमच्या मुंजींत तीर्थरूपांनीं स्वतःच्या हातानें आमच्या अंगावर मृगाजिनाचा तुकडा बांधला होता. संस्काराचें कातडें आमच्याही घरांत होतें. पण त्या पहांटे तें आम्ही बोललों नाहीं.

सभागृहांत वाटाड्यानें याकोबाची कथा थोडक्यांत सांगितली. आम्हांस ती ठाऊक होती. इसहाक आंधळा झाला होता. वडील मुलगा एसाव यास मिळावयाचा आशीर्वाद धाकट्या याकोबानें हातांस करडांचें कातडें गुंडाळून, मीच एसाव असें भासवून घेतला. मग भावाच्या रागाच्या भीतीनें तो घर सोडून पळाला. वाटेंत रात्र झाली, दगड उशाशीं घेऊन निजला, आणि त्या रात्रीं त्यास ती शिडी दिसली. देवदूत तिच्यावरून चढत होते आणि उतरत होते. म्हणजे स्वर्गाची वाट दिसली ती तपश्चर्या करणाऱ्यास नव्हे, तर भावास फसवून पळणाऱ्यास. पण याकोब त्या शिडीवर चढला, असें कोठेंच लिहिलेलें नाहीं. तो उठला आणि चालूं लागला. वीस वर्षांनीं परत आला तेव्हां एसाव धांवत पुढें आला, गळ्यांत पडला, आणि दोघे रडले. तुझें मुख पाहून देवाचें मुख पाहिल्यासारखें झालें, अशा अर्थाचें याकोब त्यास बोलला. शिडीचा शेंडा त्यास तेथें सांपडला. आम्हांस बेचाळीस वर्षें मिळालीं होतीं. आणि दादांचें गांव एका रात्रीच्या गाडीवर होतें.

स्मारकाच्या पेटीजवळ एक बांक आहे. तेथें बसून आम्हीं चिरंजीवांस किल्लीची ती सर्व हकीकत सांगितली. त्यांच्या वडिलांनीं ती त्यांस कधीं सांगितली होती कीं नाहीं, तें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. बराच वेळ ते त्या पेटीकडे पाहत होते. मग उठले आणि म्हणाले, "चला काका, घरीं जेवावयाला थांबले असतील. पायऱ्या गुळगुळीत आहेत, जपून उतरा." आणि त्यांनीं आमचा हात धरिला.

वाजपेयांतला यजमान स्वर्गास पोंचलों असें म्हटल्यावर वर राहत नाहीं. तो तेथूनच खालीं पाहून पृथ्वीमातेस नमस्कार करितो, आणि उतरतो. ही गोष्ट तीर्थरूप प्रत्येक वेळीं आवर्जून सांगत. तिचा अर्थ आम्हांस त्या पायऱ्या उतरतांना लागला. ज्या वाचकांचे बंधु हयात आहेत आणि ज्यांच्या घरीं असें कांहीं झालें आहे, त्यांनीं हा अंक खालीं ठेवून प्रथम एक पत्र लिहावें, एवढीच विनंति.