वेशीबाहेरची घरे

वाशीम जिल्ह्याचा वारसा सांगा म्हटले, की आपण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या राजधानीपासून सुरुवात करतो. मग वाशीमचे बालाजी मंदिर येते, कारंजातले नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान येते, तिथली जैन मंदिरे, कस्तुरीची हवेली आणि दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ या दिशांच्या चार वेशी येतात. ही यादी योग्यच आहे. पण ती वेशीपाशी येऊन थांबते. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान वऱ्हाडातल्या कापसाच्या गावांत वेशीबाहेर, स्टेशनच्या आणि जिनांच्या बाजूला, जी साधी बैठी घरे उभी राहिली त्यांना या यादीत जागा नाही. ती मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे. विसाव्या शतकातला वऱ्हाडी मध्यमवर्ग कसा घडला, याचा इतका बोलका पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ही घरे कापसाने आणि रेल्वेने घडवली. किलिक निक्सन कंपनीच्या अडीच फुटी रुळांवरून ‘शकुंतला’ आगगाडी कारंजा-दारव्ह्याकडच्या रुईच्या गाठी मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत नेऊ लागली. तिथून त्या मुंबईला आणि पुढे परदेशी गिरण्यांना जात. या व्यवहारातून वकील, डॉक्टर, अडत्ये, जिनचे व्यवस्थापक, शिकलेले खातेदार असा नवा वर्ग तयार झाला. त्याच सुमारास गावाच्या दाटीविषयीची भीतीही वाढत होती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याला मोकळ्या प्लॉटांवरच्या वसाहती आखल्या गेल्या. हवा-उजेडाचा तोच आग्रह लहान गावांपर्यंत पोचला. वाडा रस्त्याकडे पाठ फिरवून चौकाकडे तोंड करी. बंगला प्लॉटच्या मधोमध उभा राहून व्हरांडा रस्त्याकडे करू लागला. एकत्र कुटुंबाच्या जागी लहान संसार आला, दिवाणखान्यात टेबल-खुर्ची आली. १९२९ नंतर मंदीत कापसाचा भाव कोसळला, तेव्हा हौसेला आवर घालावा लागला. यातल्या कित्येक घरांचा साधेपणा हा त्या काळाचाही हिशेब आहे.

बांधकामाचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा. दगडी जोते, विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब-तुळया, वर टिन किंवा मंगळुरी कौले, उंच छताखाली झरोके: वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या मुलखात विजेच्या पंख्याशिवाय राहता यावे म्हणून योजलेली ही रचना आहे. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ‘एसीसी’ उभी राहिली आणि पुढे सिमेंटने चुन्याला हटवले. म्हणजे चुन्याच्या कारागिरीची ही जवळजवळ शेवटची पिढी. अशा चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल भिंतीत कोंडते आणि मग घरालाच दोष दिला जातो.

यावर पहिला आक्षेप असा, की या घरांना ना नामांकित वास्तुविशारद, ना शिल्पकाम, ना पुरेसे वय. केंद्राचा १९५८ चा स्मारक कायदा शंभर वर्षांची अट घालतो, हे खरे. पण त्यांतली पहिली घरे आता शंभरीला टेकली आहेत, आणि पाडलेले घर शंभरी गाठत नाही. याच काळातली सेवाग्रामची कुटी आणि दादरचे ‘राजगृह’ आपण जपतो ते गांधीजी आणि बाबासाहेब तिथे राहिले म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण थोरांची घरे थोरांविषयी सांगतात. सामान्य माणूस कसा राहत होता, हे सामान्य घरच सांगते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही घरे शेतकऱ्याच्या आणि जिनमधल्या मजुराच्या कष्टांवर उभी राहिली, मग त्यांचे कौतुक कशाला? मी कौतुक मागत नाही, नोंद मागतो. अशा घरांच्या मागे बोळाकडे उघडणारे संडासाचे दार असे. मैला वाहणाऱ्या माणसाने पुढून येऊ नये म्हणून ते ठेवलेले होते. ते दारही नकाशात यायला हवे. ते पुसून उरणारा वारसा खोटा ठरेल.

तिसरा आक्षेप मालकाचा. वारस वाढले, जागेचा भाव वाढला, दुरुस्ती परवडत नाही. त्याच्यावर जतनाची सक्ती करून खर्चही त्याच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रत्येक घर जसेच्या तसे राखा, असा हट्ट नको. दर्शनी व्हरांडा, छप्पर आणि झाडे राखून मागे नवे बांधता येते; दवाखाना, वाचनालय, अभ्यासिका अशा वापराने घर जगते. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यातून ऐतिहासिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू जपण्याची तरतूद आहे. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या नगरपरिषदांनी या घरांची यादी करावी आणि जो मालक घर राखेल त्याला मालमत्ता करात सवलत द्यावी. आणि ज्यांना घर पाडावेच लागणार आहे, त्यांना एकच विनंती: कुदळ लावण्याआधी मोजमाप घ्या, फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कोणती खोली कशासाठी होती ते लिहून घ्या, आणि ते कागद गावच्या वाचनालयात ठेवा.